पोस्टाच्या खिडकीतून डाँकीवर: पन्नाशीनंतर चित्रकला शिकायला जाणाऱ्यांसाठी

नोटरीने आकडा दोनदा वाचला. "शिक्षणातला खंड ३६ वर्षं? काकू, ३-६ महिने लिहायचं होतं का?"

नाही, ३६च. १९८७ साली बी.कॉम. झाले, पुढच्या वर्षी पोस्टात चिकटले, ३४ वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसले आणि २०२२ साली स्वेच्छानिवृत्ती घेतली. पुढच्या पावसाळ्यात कोल्हापुरातल्या एका कला महाविद्यालयात फाउंडेशनला नाव घातलं. मी ५७ वर्षांची, आणि माझ्याखालोखाल वर्गात सगळ्यांत थोरली मुलगी १९ची. फॉर्मच्या खिडकीवर गेले तर आतला माणूस माझ्या मागे बघत म्हणाला, "विद्यार्थी कुठाय?"

तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक फोन करतात. आम्हालाही शिकायचंय, कुठून सुरुवात करू? दर वेळी तेच सांगून जीभ झिजली, म्हणून एकदाच लिहून काढते.

आधी हे ठरवा की तुम्हाला कागद हवाय की हात. दोन्ही हवं असेल तरी आधी कोणतं, ते ठरवा. पदवीच हवी असेल तर बी.एफ.ए. ४ वर्षांचं. त्यासाठी राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तीत संकल्पचित्र, वस्तुचित्र आणि स्मरणचित्र अशी ३ प्रात्यक्षिकं असतात, शिवाय सामान्यज्ञानाचा एक बहुपर्यायी पेपर. एटीडी हा चित्रकला शिक्षक घडवणारा अभ्यासक्रम, शाळेतली नोकरी डोळ्यांपुढे ठेवून आखलेला. आपल्या वयाला त्या वाटेने जाण्यात मला तरी अर्थ दिसला नाही. फाउंडेशन १ वर्षाचं. दहावीनंतरची पोरं त्याला बसतात. वस्तुचित्र, निसर्ग, टू-डी, थ्री-डी, अक्षरलेखन, सगळ्याची तोंडओळख होते आणि मुख्य म्हणजे रोज जावं लागतं. मला ते 'रोज'च हवं होतं. घरी बसून शिकीन म्हणणाऱ्या बाईला घरचे लोक शिकू देत नाहीत. त्यांच्या मनात वाईट नसतं, पण दाराची बेल तिलाच ऐकू येते.

महाविद्यालय झेपणारं नसेल तर एखादा क्लास बघा. नाव घालण्याआधी एकदा नुसतं जाऊन बसा. समोर खरी वस्तू मांडून शिकवतात की मोबाइलवरचा फोटो चौकोन पाडून उतरवायला लावतात, एवढंच बघायचं. फोटोवाला असेल तर चहा घेऊन परत या. फोटोने तिन्ही मितींचं सपाटीकरण आधीच केलेलं असतं, आणि नेमकं तेच तर शिकायचं असतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, खंडाचं प्रतिज्ञापत्र. शाळेत असताना चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिली असेल तर ती प्रमाणपत्रंही शोधून ठेवा, बऱ्याच ठिकाणी विचारतात. माझं १९८१चं इंटरमिजिएटचं प्रमाणपत्र, 'बी' ग्रेड, आईच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत सापडलं. बायकांनी एक अडचण धरून चालायची. जुन्या कागदांवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाहनोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच काढून ठेवा, नाहीतर शेवटच्या तारखेला धावाधाव होते. माझी झाली.

प्रवेश नक्की झाला की वर्ग सुरू होईपर्यंत महिना-दीड महिना मिळतो. त्यात रंगांच्या दुकानात जाऊ नका. स्वयंपाकघरातला तांब्या घ्या. मी ४० दिवस एकच तांब्या काढला, रोज २ वेळा, २बी पेन्सिलीने, साध्या कार्ट्रिज कागदावर. पहिल्या आठवड्यातले तांबे आता बघितले की हसू येतं. प्रत्येकाचं तोंड जवळजवळ गोल आणि बूड सरळ रेघेसारखं सपाट. का, तर तांब्याचं तोंड गोल असतं आणि तांब्या ओट्यावर सपाट बसतो, हे मला 'माहीत' होतं. डोळ्यांना दिसतं वेगळंच. तोंडाचं वर्तुळ डोळ्यांच्या पातळीजवळ असतं म्हणून ते चपटं दिसतं, बूड पातळीपासून खाली म्हणून त्याचा बाक जास्त. म्हणजे तोंडापेक्षा बूड अधिक गोलाकार काढायचं. एवढं साधं कळायला मला ११ दिवस लागले. दुसरी चूक सगळ्यांचीच होते. लंबवर्तुळाच्या दोन्ही टोकांना टोकं येतात, बदामासारखी. तिथे टोक नसतं, वळण असतं. मधून एक उभी आसरेघ मारा, डावं-उजवं अंतर पेन्सिलीने मोजा आणि कागद आरशासमोर धरा. आरशात वाकडेपणा लगेच दिसतो.

तरुण पोरांना हे लवकर येतं ते त्यांच्या हातात जादू असते म्हणून नव्हे. तांब्याबद्दल त्यांना आपल्याइतकी माहिती नसते. आपण आयुष्यभर तांबे घासलेत.

आता शरीराबद्दल. याविषयी कुठेच कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट चष्मा. मला प्रोग्रेसिव्ह काच होती, वरून लांबचं, खालून जवळचं. पोस्टाच्या खिडकीत ती छान चालायची. चित्राचा कागद लावायच्या बोर्डासमोर तिने घोळ घातला. वस्तू २ मीटरवर, बोर्ड हातभर अंतरावर, आणि बोर्डाच्या वरच्या कडेकडे बघायचं तर काचेचा लांबचा भाग मध्ये येतो. मान वर करून चित्र काढायचे, संध्याकाळी मानेला शेक द्यायचे. शिवाय त्या काचेच्या कडांना सरळ रेघ किंचित वाकडी दिसते. माझी बाटली डावीकडे का झुकते याचा आम्ही पंधरा दिवस शोध घेत होतो! शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांना अंतर टेपने मोजून सांगितलं, डोळ्यापासून बोर्ड ६५ सेंटिमीटर. त्या एकाच अंतराचा वेगळा चष्मा करून घेतला. वस्तू किंचित पुसट दिसते, पण वस्तुचित्रात तेही बरंच असतं, छटांचे मोठे गट आधी दिसतात.

मोतीबिंदू असेल तर रंगकाम सुरू व्हायच्या आधी त्याचा निकाल लावा. माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, डाव्याचं व्हायचं होतं. पांढऱ्या कापडावर ठेवलेली वांगी रंगवताना लक्षात आलं की उजवा डोळा मिटला तर कापड चहा सांडल्यासारखं दिसतंय, डावा मिटला तर निळसर पांढरं. पिकलेलं भिंग पिवळं होतं आणि निळा-जांभळा खाऊन टाकतं. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३ साली झालं, तेव्हा त्यालाही रंगांचा असाच त्रास झाला होता. सरांनी हे सांगितल्यावर मला उगीचच मोठ्या मंडळींत बसल्यासारखं वाटलं. डाव्याचं ऑपरेशन मी दिवाळीच्या सुट्टीत उरकलं.

खांदा. पेन्सिल हातभर लांब धरून, एक डोळा मिटून मोजमाप घेतात. यात हात कोपरात वाकता कामा नये, कारण पेन्सिलीचं डोळ्यापासूनचं अंतर बदललं की माप खोटं. माझा उजवा खांदा आखडलेला. सकाळी हात सरळ जायचा, अकरानंतर वाकायचा, आणि एकाच चित्रातली किटली सकाळच्या मापाची आणि कप दुपारच्या मापाचा. यावर उपाय जुना आहे. पेन्सिलीला दोरा बांधायचा आणि दुसरं टोक गळ्यात अडकवायचं. दोरा ताणला की अंतर दर वेळी तेवढंच. पोरं पहिल्या दिवशी हसली, महिन्याने दोघांनी दोरे बांधले.

गुडघे. कला महाविद्यालयात डाँकी नावाचा एक लाकडी बाक असतो, त्यावर घोड्यावर बसल्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं आणि पुढच्या टेकूवर बोर्ड ठेवायचा. साडी नेसून डाँकीवर बसता येत नाही. पंजाबी ड्रेस, तोही जुना. आलटून पालटून अर्धा तास बसून आणि अर्धा तास ईझलसमोर, म्हणजे चित्र ठेवायच्या उंच घोडीसमोर, उभं राहून काम करा. उभं राहण्याचा एक फायदा गुडघ्यांपलीकडचा आहे. चार पावलं मागे जाऊन चित्र बघता येतं. मागे जाताना मात्र मागच्या पोराच्या पाण्याच्या डब्याकडे लक्ष असू द्या.

मला सगळ्यांत जास्त सांगायची गोष्ट आता येते.

वस्तुचित्र शिकवणारे सर ३४ वर्षांचे. पोरांच्या डाँकीशी आले की सरळ खोडरबर घेऊन अर्धं चित्र पुसायचे, "हे काय काढलंयस? परत मोज." माझ्याकडे आले की दोन्ही हात मागे बांधून उभे राहायचे. "छान आहे मॅडम. चालू द्या." पहिले दोन महिने मला वाटलं, माझं खरंच छान चाललंय. मग पहिलं सबमिशन झालं आणि भिंतीवर सगळ्यांची चित्रं एका रांगेत लागली. माझं टेबल खोलीतून घसरून बाहेर पडत होतं. ते न दिसण्याइतके माझे डोळे अधू नव्हते, आणि सरांचे तर नव्हतेच.

मग त्यांना एकटं गाठलं. म्हटलं, "सर, पोस्टात नवीन आलेली पोरंही मला मॅडम म्हणायची आणि माझी चूक दाखवायची नाहीत. महिनाअखेरीस हिशेब मात्र माझाच चुकायचा. तुम्ही माझं चित्र पुसत जा." ते गडबडले. दुसऱ्या दिवशी आले, खोडरबर हातात घेतलं, थबकले आणि म्हणाले, "काकू, पुसू?" मग पुसलं. दीड तासाचं काम होतं. घशाशी आवंढा आला हे कबूल करते. पण त्या जागी त्यांनी दोन रेघा मारल्या आणि टेबल जमिनीवर आलं.

मोठ्या वयात शिकायला गेलं की सगळे तुम्हाला सांभाळून घेतात. शिक्षक घेतात, पोरं घेतात, शिपाईमामा खुर्ची आणून देतात. खुर्ची घ्या. बाकीचं घेऊ नका. पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना स्पष्ट शब्दांत सांगा की माझ्या चित्रावर हात चालवा. आणि सांगितल्यावर त्यांनी खरंच तसं केलं तर चेहरा पाडू नका. आपला चेहरा पडला की ते परत 'छान आहे मॅडम'वर जातात, हेही मी करून बघितलंय.

हाकेचंही तसंच. पोरांनी काय म्हणावं यावर मी सुरुवातीला फार विचार केला. नावाने हाक मारा म्हटलं तर कोणाची जीभ वळेना. 'मॅडम' मला नको होतं. शेवटी 'काकू'वर स्थिरावलं, आणि तिसऱ्या महिन्यात एक जण "ए काकू, तुझा ६बी दे की" म्हणाला. त्या 'ए'ने मला वर्गात घेतलं. डबा मात्र एकटीने खाऊ नका, आणि सगळ्यांना पुरेल एवढा नेऊही नका. एकदा नेलात की तुम्ही स्वयंपाकीण होता.

स्मरणचित्रात आपलं वय कामाला येतं. भाजी मंडई, बस थांबा, जत्रा, असला विषय दिला की पोरं गडबडतात, त्यांनी माणसं बहुतेक पडद्यावर बघितलेली. मी पेन्शनच्या दिवसाची रांग काढली. पासबुक छातीशी धरलेली म्हातारी, अंगठ्याला शाई लावून घेणारा शेतकरी, रांगेत स्वतःऐवजी पिशवी ठेवून बाकावर बसलेला एक जण. हे सगळं माझ्या डोळ्यांत ३४ वर्षांचं साठलेलं. पण आठवण असणं वेगळं आणि आकृती उभी राहणं वेगळं. माझी सगळी माणसं मोठ्या डोक्याची झाली. खिडकीतून मला कायम लोकांची डोकीच दिसली ना! सरांनी फळ्यावर साडेसात डोक्यांचं माप काढून दिलं, म्हणजे माणसाची उंची त्याच्या साडेसात डोक्यांएवढी. त्यावर उपाय एकच, खिशात मावेल अशी वही आणि बॉलपेन. पेन्सिल नको, पुसायचा मोह होतो. मी सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, कपिलतीर्थ मंडईत, रंकाळ्याच्या कठड्यावर बसायचे. एका माणसाला २ मिनिटं. आधी पाठीच्या कण्याची एक रेघ, मग खांद्यांची, मग कमरेची, वजन कोणत्या पायावर आहे ते, आणि वेळ उरला तर डोकं. बाईमाणूस वही घेऊन बसलं की लोक वाकून बघतात. "कुठल्या सर्व्हेच्या तुम्ही?" असं मला ३ वेळा विचारलंय. हो म्हणायचं.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. निवृत्तीचे पैसे हातात असले की माणूस २४ नळ्यांची पेटी घेतो, मीही घेतली. त्यातल्या ७ संपल्या: लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिमझन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू, बर्न्ट सिएना. तेवढ्याच घ्या. काळा विकत घेऊ नका, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा, जिवंत काळा होतो. रंगांवर वाचवलेले पैसे कागदावर घाला. जलरंगाला ३०० जीएसएमचा कागद हवा, पातळ कागद पाणी पडलं की पापडासारखा फुगतो आणि दोष आपण आपल्या हाताला देतो. रंग पिवळ्या बल्बखाली कालवू नका. उत्तरेच्या खिडकीतला उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, घरात ती खिडकी जिथे असेल ती खोली मागून घ्या. आमच्याकडे ती देवघराला लागून निघाली. माझ्या सासूबाईंनी आधी टर्पेंटाइनच्या वासाला नाक मुरडलं, आता अगरबत्ती संपली की म्हणतात, तुझं ते उघड.

आणि मूळ चित्रं बघा. आपल्या गावात काय टांगलंय हे मला ५७ वर्षं माहीत नव्हतं. टाऊन हॉलच्या संग्रहालयात मी शाळेच्या सहलीत गेले होते, तेव्हा तलवारी बघितल्या. आता गेले ती आबालाल रहिमानांसाठी. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकून परत आलेला हा चित्रकार, शाहू महाराजांच्या पदरी राहिला, कोटीतीर्थाच्या काठाने हिंडून चित्रं काढत राहिला. महाराज गेल्यावर त्याने चित्रं कोटीतीर्थात बुडवली असं गावात सांगतात. राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे यांचं संग्रहालय आहे. सिनेमातला रांगडा नट म्हणून माझ्या वडिलांना ते माहीत होते, त्यांची निसर्गचित्रं मी आत्ता बघितली. एका दिवसाची सवड असेल तर सातारा जिल्ह्यातलं औंध गाठा. भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेलं श्री भवानी संग्रहालय. तिथे रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, आणि खटावच्या माळावर चक्क हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं माय-लेकराचं दगडी शिल्प आहे.

पण संग्रहालयात फिरू नका. एकच चित्र निवडा आणि त्याच्यापुढे २० मिनिटं उभ्या राहा. वहीत पत्त्याच्या पानाएवढा चौकोन पाडून त्यातला काळोख, मधलं आणि उजेड, एवढ्या ३ छटा उतरवा. झाडं-माणसं काही काढायची नाहीत. असे १५-२० चौकोन झाले की स्वतःच्या चित्रातला गोंधळ आपोआप दिसायला लागतो. निदान मला दिसला, माझ्या चित्रात सगळीकडे मधलाच रंग होता. ना धड उजेड ना धड सावली, सरकारी भिंतीसारखा.

घरचं वेळापत्रक प्रत्येकाचं वेगळं. माझं पहाटे साडेपाच ते साडेसात, आणि त्या वेळात कुकर लावायचा नाही हा नियम. शिट्ट्या मोजत माणूस सावल्या मोजू शकत नाही. यजमान आता चहा करायला शिकलेत. साखर जास्त घालतात.

वर्षाच्या शेवटी प्रदर्शन असतं. चित्र माउंट करून, खाली चिठ्ठी लावून द्यायचं असतं, आणि त्याआधी सही. सही चित्र पूर्ण वाळल्यावर, खालच्या कोपऱ्यात, बारीक ब्रशने, चित्रातल्याच एखाद्या रंगात करायची. भडक लाल नको. माहेरचं आद्याक्षर घालायचं की सासरचं, यावर मी दोन दिवस घालवले आणि शेवटी नुसतं नाव लिहिलं. पण हाताला पावत्यांची सवय. ३४ वर्षं रोज शेकड्याने सह्या ठोकलेल्या, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट मारून. ब्रशनेही तशीच आली, शेपूट तांब्याच्या सावलीत घुसलं. सर खोडरबर शोधत आले आणि जलरंग बघून थांबले. "काकू, पुढच्या चित्रात ते शेपूट काढा." पुढची तीन चित्रं झाली, ते अजून तिथेच आहे.